ज्याने साक्ष ऐकली, त्यानेच निकाल द्यावा : विधी आयोगाला खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष आणि सदस्य,
भारतीय विधी आयोग, नवी दिल्ली

स.न.वि.वि.

मी पश्चिम महाराष्ट्रातल्या एका जिल्ह्याच्या ठिकाणी सत्र न्यायालयात फौजदारी वकिली करते. बहुतेक वेळा आरोपीतर्फे उभी राहते, कधी मूळ फिर्यादीच्या वतीने सरकारी वकिलांना साहाय्य करते. माझी मागणी मुख्यतः भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतल्या, म्हणजे खटले कसे चालवायचे हे सांगणाऱ्या कायद्यातल्या, एका कलमाबद्दल आहे : साक्ष एका न्यायाधीशाने ऐकली तरी निकाल दुसऱ्याला देऊ देणारे कलम. पण त्या कलमाकडे येण्याआधी ज्युरीबद्दल, म्हणजे आरोपी दोषी की निर्दोष हे ठरवणाऱ्या सामान्य नागरिकांच्या गटाबद्दल, बोलणे भाग आहे, कारण सध्या लोकांच्या तोंडी तोच विषय आहे. एखाद्या गाजलेल्या खटल्यात आरोपी सुटले की दुसऱ्या दिवशी मेसेज फिरू लागतात : न्यायाधीशांच्या हातून निकाल काढून घ्या, ज्युरी परत आणा. आमच्या बार रूममधली तरुण मंडळीही आता तावातावाने हेच मांडतात. त्यांचा राग मला पटतो. त्यांचा उपाय मला पटत नाही, पण त्या उपायात एक गोष्ट दडलेली आहे जी आपण ज्युरीबरोबर फेकून दिली, आणि ती परत आणणे आपल्या हातात आहे.

आधी ज्युरी आपल्याकडे कशी चालली ते पाहू. 1897 साली लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा पहिला खटला मुंबई उच्च न्यायालयात न्या. स्ट्रेची यांच्यासमोर चालला. नऊ ज्युररांत सहा युरोपियन होते आणि तीन हिंदी. निकाल लागला सहा विरुद्ध तीन. सहाही युरोपियनांना टिळक दोषी वाटले, तिन्ही हिंदी लोकांना निर्दोष. 1908 च्या खटल्यात न्या. दावर यांच्यासमोर सात युरोपियन आणि दोन पारशी बसले आणि निकाल सात विरुद्ध दोन आला. खटला होता ‘केसरी’तल्या मराठी अग्रलेखांवर, आणि ते अग्रलेख ज्युरीतल्या बहुतेकांनी इंग्रजी भाषांतरातूनच वाचले. त्या भाषांतरातल्या चुका दाखवण्यात टिळकांना आपल्या भाषणाचा बराच वेळ खर्ची घालावा लागला. ज्युरीने काहीही ठरवले तरी मी निर्दोष आहे, हे त्यांचे उद्गार आज उच्च न्यायालयात त्या दालनाबाहेर फलकावर कोरलेले आहेत. तिथून जाताना मी दर वेळी थांबते.

ज्युरी हवी म्हणणाऱ्या माझ्या तरुण मित्रांना मी एकच विचारते. त्या सहा जणांनी टिळकांना दोषी का ठरवले, हे कुठे लिहिलेले आहे? कुठेच नाही. ज्युरी कारण देत नाही, तिने ते द्यायचेच नसते. त्यामुळे 1897 च्या निकालाविरुद्ध लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलकडे, म्हणजे तेव्हाच्या शेवटच्या अपील न्यायालयाकडे, धाव घेतली तेव्हा बोट ठेवायला हाती होते ते फक्त न्यायमूर्तींनी ज्युरीला केलेले मार्गदर्शन. सहा माणसांच्या मनात काय चालले होते, यावर अपील करता येत नाही.

आता पत्नीच्या प्रियकराला गोळ्या घालणारे नौदल अधिकारी नानावटी. चित्रपट आणि मालिकांमुळे घरोघरी एक समज झाला आहे की कमांडर नानावटींना ज्युरीने सोडले आणि त्या धक्क्याने सरकारने ज्युरी रद्द केली. हा समज अर्धवट आहे. खून 27 एप्रिल 1959 चा. त्याच्या आदल्याच वर्षी मोतीलाल सेटलवाड यांच्या अध्यक्षतेखालच्या पहिल्या विधी आयोगाने, म्हणजे आपल्याच पूर्वसुरींनी, चौदाव्या अहवालात ज्युरी बंद करावी अशी शिफारस केली होती. मोठ्या शहरांबाहेरच्या, म्हणजे मुफस्सलच्या, सत्र न्यायालयांत न्यायाधीशाला मत देणारे, पण ज्यांचे मत त्याच्यावर बंधनकारक नव्हते असे असेसर 1955 च्या दुरुस्तीनेच गेले होते. नानावटी खटल्यात आठ विरुद्ध एक असा निर्दोषत्वाचा निकाल आला. सत्र न्यायाधीश मेहता यांना तो पटला नाही आणि त्यांनी जुन्या संहितेच्या कलम 307 खाली प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवले. तिथे 1960 च्या मार्चमध्ये जन्मठेप झाली आणि 1961 च्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. पुढे राज्यपालांनी माफी दिली, तो भाग वेगळा. माझ्या दृष्टीने महत्त्वाचे हे की वरच्या न्यायालयांत झालेला वाद बव्हंशी न्यायाधीशांनी ज्युरीला नीट समजावले की नाही याभोवती फिरला. आठ जणांना संशयाचा फायदा कुठल्या मुद्द्यावर द्यावासा वाटला, हे तिथेही गूढच राहिले. शेवटी 1973 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ज्युरीला जागाच ठेवली गेली नाही. आज आपल्या देशात तिची खूण उरली आहे ती पारशी विवाह न्यायालयात. तिथे घटस्फोटाच्या दाव्यात न्यायाधीशाबरोबर समाजातले पाच डेलिगेट बसतात.

म्हणून मी ज्युरीची थट्टा करते असे कृपया समजू नये. 1670 साली लंडनमध्ये विल्यम पेन आणि विल्यम मीड या क्वेकर पंथाच्या प्रचारकांना दोषी ठरवायला नकार दिला म्हणून ज्युरीला अन्नपाण्याविना कोंडून ठेवले होते, नंतर दंडही केला. बुशेल नावाचा ज्युरर दंड भरायला तयार झाला नाही, तुरुंगात गेला, आणि त्याच्या प्रकरणात ठरले की निकालाबद्दल ज्युरीला शिक्षा करता येणार नाही. सत्तेपुढे मान न तुकवणारी बारा साधी माणसे हे चित्र खरे आहे. पण 1955 साली मिसिसिपीत एमेट टिल या चौदा वर्षांच्या काळ्या मुलाच्या खुनातल्या दोन गोऱ्या आरोपींना सगळ्या गोऱ्या पुरुषांच्या ज्युरीने तासाभरात सोडले, हेही तितकेच खरे आहे. खुद्द इंग्लंडात खटले इतके तुंबले आहेत की 2025 च्या डिसेंबरात तिथल्या न्यायमंत्र्यांनी ज्युरीची व्याप्ती कमी करून ती अधिक गंभीर गुन्ह्यांपुरती ठेवण्याची योजना मांडली.

मग ज्युरीत असे काय होते, जे आपण तिच्याबरोबर गमावले? ज्युरीला बदली नसते. जे नऊ जण साक्षीदाराला पिंजऱ्यात उभे राहिलेले पाहतात, तेच नऊ जण निकाल देतात. खटला सलग चालवावा लागतो, कारण लोकांना वर्षानुवर्षे बोलावून बसवता येत नाही. ऐकणारा आणि ठरवणारा एकच असतो.

आमच्याकडे काय होते ते सांगते. खुनाचा खटला होता. मृताची आई साक्षीला आली होती, आरोपी तिचा सख्खा दीर, आणि मी आरोपीची वकील. उलटतपासात मी विचारले, “तुम्ही स्वतः पाहिलं का?” बाईंनी दिराकडे पाहिले. मग खाली पाहिले. पदराचे टोक बोटाला गुंडाळत त्या इतका वेळ गप्प राहिल्या की स्टेनोने मान वर करून पाहिले. शेवटी म्हणाल्या, “बघितलं म्हंजी? माझ्या म्होरंच झालं की सगळं.” न्यायाधीशांनी स्टेनोला सांगितले आणि कागदावर उतरले : “घटना माझ्यासमोर घडली हे म्हणणे खरे आहे.” वाक्य चुकीचे नाही. पण ती शांतता, ती नजर, तो उलटा प्रश्न, यातले काहीच कागदावर आले नाही. पुढे त्या न्यायाधीशांची बदली झाली. त्यांच्या जागी आलेल्यांनी तपासी अंमलदाराची साक्ष घेतली, तेही गेले. युक्तिवाद ऐकला आणि निकाल दिला तो तिसऱ्यांनी. त्यांनी त्या बाईंना कधी पाहिले नव्हते. त्यांच्यासमोर होती टंकलिखित जबानी आणि तिच्यावर माझे आणि सरकारी वकिलांचे भाषण.

माझा अशील सुटला. निकालपत्र नीट लिहिलेले होते, प्रत्येक मुद्द्याला कारण होते. तरीही मी हे लिहिते आहे. बाईंची ती शांतता खोटेपणाची होती की नात्याच्या ओझ्याची, हे ठरवणे हेच तर फौजदारी न्यायाधीशाचे काम. ते त्या खटल्यात कोणी केलेच नाही. ज्यांनी पाहिले त्यांना ठरवायची वेळ आली नाही आणि ज्यांनी ठरवले त्यांना पाहता आले नाही. उद्या हाच प्रकार आरोपीच्या विरुद्ध गेला तर एका माणसाला जन्मठेप होईल, कदाचित फाशी.

आणि हे कायद्याने चालते. नव्या संहितेचे कलम 365, म्हणजे जुने 326, नव्याने आलेल्या न्यायाधीशाला आधीच्याने नोंदवलेल्या पुराव्यावर निकाल देण्याची मुभा देते. मूळ 1973 च्या कायद्यात ही मुभा फक्त दंडाधिकाऱ्यांना होती. 1978 च्या दुरुस्तीने ती सत्र न्यायाधीशांनाही मिळाली. गरज वाटली तर साक्षीदाराला पुन्हा बोलावता येते असे परंतुक आहे, पण ते वापरले गेल्याचे मी क्वचितच पाहिले आहे. याच कलमात पुढे आहे की संक्षिप्त, म्हणजे लहान गुन्ह्यांसाठी झटपट चालवायच्या, खटल्याला ही सवलत लागू नाही. म्हणजे संक्षिप्त पद्धतीने चाललेल्या चेक न वटल्याच्या खटल्यात दंडाधिकारी बदलला तर पुरावा पुन्हा पहिल्यापासून घ्यावा लागतो, आणि खुनाच्या खटल्यात न्यायाधीश बदलला तर नाही. संक्षिप्त खटल्यात जबानीचा फक्त सारांश लिहितात म्हणून हा फरक, हे मला माहीत आहे. पण पूर्ण टाईप केलेली जबानी म्हणजे पूर्ण साक्ष, हे गृहीत धरूनच आपण 1978 पासून चाललो आहोत आणि ते गृहीतक मला मान्य नाही.

इतर देशांनी यावर काय केले, ते पाहण्यासारखे आहे. जर्मनीने आपली जुनी ज्युरी 1924 मध्येच बंद केली. आज तिथे गंभीर खटल्यात व्यावसायिक न्यायाधीशांच्या बरोबरीने दोन सामान्य नागरिक बसतात, त्यांना शॉफन म्हणतात. पाच वर्षांची मुदत, न्यायाधीशाइतकेच मत, आणि दोषी ठरवायला दोन तृतीयांश मते लागतात. निकाल सकारण लिहावा लागतो. पण मला सर्वात मोलाचा वाटतो तो तिथला दुसरा नियम : निकाल देणाऱ्या प्रत्येकाने सुनावणीला अखंड हजर असले पाहिजे. सुनावणीत खंड पडायचा तर साधारणपणे तीन आठवड्यांपर्यंत, लांबलेल्या खटल्यात महिनाभर. त्याहून जास्त खंड पडला तर खटला नव्याने सुरू करावा लागतो. “आमच्याकडचे खटले मोठे असतात,” असे यावर नेहमी ऐकायला मिळते. म्युनिकमध्ये नवनाझी टोळीने केलेल्या खुनांचा एनएसयू खटला 2013 ते 2018 असा चालला, सुनावणीचे दिवस 438. एवढ्या काळात कोणी आजारी पडेल, निवृत्त होईल, हे धरून राखीव न्यायाधीश पहिल्या दिवसापासून शेजारी बसवलेले असतात. म्हणजे बदली खेळाडू येतो तोसुद्धा पूर्ण सामना पाहिलेला.

फ्रान्समध्ये गंभीर गुन्ह्यांसाठीच्या असाइज न्यायालयात तीन न्यायाधीश आणि सहा ज्युरर एकत्र बसून दोष आणि शिक्षा दोन्ही ठरवतात. विचारविनिमयाला जाताना तपासाची फाइल बाहेर ठेवायची असा नियम आहे, कारण जे ऐकले त्यावरच ठरवायचे. 2011 च्या कायद्याने तिथे कारणे देणेही बंधनकारक झाले. अर्थात त्यांचीही ओढाताण चालू आहे. 2023 पासून पंधरा ते वीस वर्षे शिक्षेच्या गुन्ह्यांसाठी पाच न्यायाधीशांची, ज्युरी नसलेली न्यायालये देशभर सुरू झाली, आणि पत्नीला गुंगी देऊन इतरांकडून तिच्यावर बलात्कार करवणाऱ्या पतीचा आविन्योंचा पेलिको खटला, ज्याने जग हादरले, तो अशाच न्यायालयात चालला.

जपानकडे मात्र जरा थांबून पाहावे. त्यांच्याकडेही 1928 ते 1943 अशी ज्युरी होऊन गेली होती. 2009 च्या मे महिन्यापासून त्यांनी साइबान-इन पद्धत आणली. खुनासारख्या गुन्ह्यात तीन न्यायाधीश आणि मतदारयादीतून चिठ्ठीने निवडलेले सहा नागरिक बसतात. बहुमताने निर्णय होतो, पण दोषी ठरवणाऱ्या बहुमतात किमान एक न्यायाधीश हवाच. म्हणजे सहा नागरिक मिळूनसुद्धा, एकही न्यायाधीश सोबत नसताना, कोणाला तुरुंगात पाठवू शकत नाहीत. नागरिकांना महिनोन्‌महिने अडकवता येत नाही म्हणून खटल्याआधीच वादाचे मुद्दे निश्चित होतात आणि सुनावणी सलग दिवसांत संपवतात. कागद वाचून नंतर निकाल लिहिण्याची सवय ज्या न्यायव्यवस्थेत मुरली होती, तिला सहा सामान्य माणसांनी समोर बोलले जाते ते ऐकायला लावले. माझ्या मते या पद्धतीची ही सर्वात मोठी कमाई. तिची किंमतही आहे. एका महिलेने घटनास्थळाची छायाचित्रे पाहून मानसिक आघात झाल्याचा दावा सरकारवर लावला होता. आत काय चर्चा झाली ते आयुष्यभर बोलायचे नाही, बोलले तर शिक्षा, हा नियम मला स्वतःला फार कडक वाटतो.

कारणे लिहिण्याचे महत्त्व पाहायचे तर दक्षिण आफ्रिकेकडे जावे. तिथे ज्युरी 1969 मध्येच गेली. प्रेयसीला गोळ्या घालणारा धावपटू ऑस्कर पिस्टोरियस याचा खटला न्या. मासिपा यांनी दोन असेसरांसह चालवला आणि 2014 मध्ये खुनाऐवजी सदोष मनुष्यवधाचा निकाल दिला. निकालपत्र सविस्तर होते, म्हणूनच वरच्या न्यायालयाला 2015 मध्ये नेमके दाखवता आले की कायदा कुठे चुकीचा लावला, आणि निकाल खुनाचा झाला. हाच निकाल एखाद्या ज्युरीने एका शब्दात दिला असता तर तिथेच विषय संपला असता.

आता आमच्या जिल्ह्यात कोणी नागरिक न्यायपीठावर बसवायचे म्हटले तर पहिला प्रश्न जातीचा येईल, आणि तो यायलाच हवा. अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालच्या खटल्यात त्याच तालुक्यातली नऊ माणसे बंद दाराआड बसून कारण न देता निकाल देणार असतील, तर त्या कल्पनेने मला धडकी भरते. मिसिसिपी फार दूर नाही. म्हणून निखळ ज्युरी नको. न्यायाधीश आणि नागरिक एकत्र बसतील अशा मिश्र पीठातही अशा खटल्यांपासून सुरुवात करू नये. पण न्यायाधीशाशेजारी बसलेला, कारण लिहावे लागणारा, ज्याचा निर्णय अपिलात तपासला जाणार आहे असा नागरिक ही वेगळी गोष्ट आहे, आणि ती आपल्याला नवी नाही. अल्पवयीन मुलांची प्रकरणे पाहणाऱ्या बाल न्याय मंडळात एक दंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते बसतात, त्यांत एक तरी स्त्री असावी लागते, आणि निर्णय बहुमताने होतो. पुण्याच्या कल्याणीनगर अपघातात अल्पवयीन चालकाला 300 शब्दांचा निबंध लिहायला सांगून दिलेला जामीन लोक विसरलेले नाहीत. तो आदेश मंडळाच्या एका बिगर न्यायिक सदस्याने एकट्याने दिला होता आणि पुढे अशा दोन सदस्यांना शासनाने दूर केले. त्यातून नागरिकांना बसवूच नये असा निष्कर्ष काढणारे आहेत. मी त्यातून एवढेच घेते की कोणालाही एकटे बसवू नये.

आज आमच्या फौजदारी खटल्यात सामान्य माणसाला जागा आहे ती पंच म्हणून. पोलीस ठाण्यासमोरचा टपरीवाला, लॉजचा मॅनेजर, कोणीतरी. पंचनामा आधीच लिहिलेला, सही तेवढी त्याची. मग साक्षीत तो सांगतो, पोलिसांनी सही करायला सांगितली म्हणून केली, आणि फितूर ठरतो. ज्या नागरिकाला आपण फक्त सहीपुरते बोलावतो, त्याच्या हाती उद्या मत देणे अनेकांना धाडस वाटेल. मला ते योग्य शिक्षण वाटते.

माझे मागणे मोठे नाही. फाशी किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्यात कलम 365 ची मुभा काढून घ्यावी. पुरावा सुरू झालेला खटला पूर्ण होईपर्यंत त्या न्यायाधीशाची बदली त्या खटल्यापुरती लागू होऊ नये, आणि मृत्यू किंवा आजारपणासारखे कारण असेल तर मुख्य साक्षीदार पुन्हा तपासावेत. कलम 346 मध्ये खटला दररोज चालवावा असे लिहिलेले आहेच. ते पाळायचे तर सत्र न्यायाधीशांच्या जागा भराव्या लागतील आणि एका बोर्डावर, म्हणजे न्यायाधीशाच्या रोजच्या यादीवर, किती खटले लावायचे याला मर्यादा घालावी लागेल, याची मला कल्पना आहे. घराच्या झडतीचे चित्रीकरण 2024 पासून आपण बंधनकारक केले. मग खुनाच्या खटल्यातल्या साक्षीचे चित्रीकरण का करू नये? अपिलात उच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनाही मग ती बाई बोलताना दिसेल. आणि मिश्र पीठाचा प्रयोग, एक सत्र न्यायाधीश आणि मतदारयादीतून निवडलेले दोन नागरिक, खुनाच्या खटल्यांसाठी दोन-तीन जिल्ह्यांत करून पाहावा. न्यायाधीश आणि नागरिकांचे मत जुळले नाही तर का जुळले नाही ते निकालपत्रात लिहावे. दक्षिण कोरियात 2008 पासून ज्युरीचे मत सल्ल्यापुरते आहे, पण न्यायाधीशाने ते डावलले तर कारण द्यावेच लागते. हा नियम आपण जसाच्या तसा घ्यावा.

यातले काही करण्याआधी आयोगाने एक माहिती मागवावी. गेल्या दहा वर्षांत महाराष्ट्रातल्या सत्र न्यायालयांनी खुनाच्या खटल्यांत दिलेल्या निकालांपैकी किती निकाल असे आहेत, ज्यांत सर्व साक्षी त्याच न्यायाधीशासमोर झाल्या? प्रत्येक खटल्याच्या रोजनाम्यात, म्हणजे दर तारखेच्या नोंदीत, हे सापडते आणि रोजनामे ई-कोर्ट प्रणालीवर आहेत. हा आकडा आयोगाने जाहीर करावा. त्यावर आयोगासमोर म्हणणे मांडायला मी स्वखर्चाने दिल्लीला यायला तयार आहे.

आपली विश्वासू,
सत्र न्यायालयातली एक फौजदारी वकील